शाळकरी पोरं की पोर्टल?

“मामा, आपल्या टीमने शाळेतली पोरं भरावीत की पोर्टलमधून तयार खेळाडू आणावेत?” अमेरिकेत कोलंबसला शिकणाऱ्या भाच्याचा प्रश्न. पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या प्रत्येक चाहत्याला हिवाळ्यात हा प्रश्न छळतो.

रेटिंगचे तारे बाजूला ठेव, सामन्यांची टेप बघ. बचावफळी अंगावर येते तेव्हा लाइनमनचं, म्हणजे पुढच्या फळीत समोरच्यांना रोखणाऱ्याचं, पहिलं पाऊल कुठे पडतं? चौथ्या क्वार्टरलाही गुडघे वाकलेले राहतात का? शाळेच्या टेपमध्ये तो आपल्यापेक्षा कितीतरी हलक्या पोरांना ढकलत असतो, त्यामुळे अंदाज फसतो. शिवाय अंग भरायला दोनेक वर्षं जातात. पोर्टलवाला मोठ्यांशी भिडून आलेला असतो.

टिकण्याचं म्हणशील, तर 2021 पासून पहिल्या बदलीनंतर एक वर्ष न खेळता बसावं लागत नाही. म्हणजे शाळेतून आणलेलाही चार वर्षं थांबेलच असं नाही.

पोर्टलने टीम लगेच उभी राहतेच असंही नाही. 2023 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाने पन्नासहून जास्त खेळाडू बाहेरून आणले, हंगाम 4-8, म्हणजे चार विजय, आठ पराभव. इंडियाना त्याच वर्षी 3-9 होती. पुढच्या वर्षी नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आपल्या जुन्या जेम्स मॅडिसन विद्यापीठाचे तेरा खेळाडू घेऊन आले आणि टीम 11-2 झाली. त्या पोरांना त्यांची पद्धत आधीच पाठ होती, माझ्या मते फरक तिथेच पडला.

नवा प्रशिक्षक असेल, क्वार्टरबॅक (हल्ला चालवणारा खेळाडू) किंवा लाइनमध्ये भोक असेल, तर पोर्टल. प्रशिक्षक स्थिर असेल आणि दोन वर्षं थांबायची तयारी असेल, तर शाळेतलीच पोरं.