व्हेंचर सेंटर, पुणे : विज्ञानाधारित नवउद्योगांसाठी तयार प्रयोगशाळा

पुण्यात पाषाण रस्त्यावर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या पाठबळाने २००७ मध्ये सुरू झालेले व्हेंचर सेंटर हे ना-नफा तत्त्वावर चालणारे इन्क्युबेटर, म्हणजे नवउद्योगांना सुरुवातीच्या काळात जागा, सुविधा आणि सल्ला देणारे केंद्र आहे. टेबल, वाय-फाय आणि चहा-कॉफीपलीकडे फारसे काही न देणाऱ्या इन्क्युबेटरांची गर्दी झालेली असताना या केंद्राचे वेगळेपण त्याच्या प्रयोगशाळांत आहे. जैवतंत्रज्ञान किंवा रसायनांच्या क्षेत्रात उतरणाऱ्या नवउद्योजकाला विषारी वाफा खेचून घेणारे फ्यूम हूड, निर्जंतुक हवेच्या झोताखाली काम करू देणारे लॅमिनार फ्लो कॅबिनेट आणि उणे ८० अंशांचा फ्रीझर अशी सामग्री अगदी सुरुवातीलाच लागते. ती स्वतः विकत घ्यायची म्हटले, तर कल्पना सिद्ध होण्याआधीच भांडवल संपते. म्हणूनच भाड्याने मिळणारी तयार प्रयोगशाळा ही येथील सर्वांत मोलाची सेवा आहे, असे माझे मत आहे.

पेटंटविषयक सल्ला आणि बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांना साहाय्य करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘बिग’ (बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट) अनुदानासाठीचे मार्गदर्शनही उपयुक्त आहे. या योजनेत १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते आणि त्याबदल्यात कंपनीतील हिस्सा सोडावा लागत नाही. गुंतवणूकदारांच्या दारात ताटकळलेल्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको!

निव्वळ मोबाइल ॲप बनवणाऱ्यांना मात्र येथे येण्याचे विशेष कारण नाही. शिवाय प्रयोगशाळेतील काम घरबसल्या होत नसल्यामुळे सांगली-सोलापूरकडच्या संशोधकांनी भाड्याचा हिशेब मांडताना पुण्यातील राहण्या-जेवणाचा खर्चही धरावा.