सेकंडहँड हिमालयन ४११: लावण्यापेक्षा काढण्यात जास्त फायदा झाला

रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ ही मोटरसायकल आता नवी मिळत नाही. २०२३ च्या अखेरीला ४५० आली आणि ही बंद झाली. त्यामुळे हे लिहितोय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी: ज्यांना सेकंडहँड ४११ घ्यायची आहे ते, आणि ज्यांच्याकडे आहे पण ‘आता हिला अजून काय लावू’ हा किडा डोक्यात वळवळतोय ते. माझी बीएस६ आहे, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांनुसार बनलेली, पुण्यातच घेतली. रोजचं ऑफिस, घाटातला पाऊस, कोकणातला घामट मे महिना, सगळं तिच्यावर काढून झालंय.

पहिल्या मालकाने गाडी हौसेने नटवली होती. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, त्यांचा पाइपचा सांगाडा, मागे टॉप बॉक्स, पुढे चार फॉग लाइट, हँडल उंच करायला त्याखाली राइझर, टाकीच्या दोन्ही अंगांना जेरीकॅन अडकवायच्या पट्ट्या. फोटोत गाडी लडाखला निघाल्यासारखी दिसायची. मुळात या गाडीचं वजन १९९ किलो आणि ताकद २४.३ पीएस. म्हणजे इंजिनाकडे उधळायला काही शिल्लक नाही. त्यात हे लोखंड बहुतेक मागच्या चाकाच्या वर किंवा त्याच्याही मागे लटकलेलं. मागे वजन वाढलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि पुढे २१ इंची चाक असलेली गाडी वाळूत, खडीत पुढूनच तर चालवायची असते.

पेट्या, सांगाडा आणि टॉप बॉक्स सगळ्यात आधी उतरवले. मागे फक्त साधं कॅरिअर ठेवलं आणि सामानासाठी पट्ट्यांनी बांधायची मऊ बॅग घेतली. गाडी पडली तर बॅग दबते, पत्र्याची पेटी पायावर येते. हा फरक कॅटलॉगमध्ये कुणी लिहीत नाही. फॉग लाइट मात्र मला काढायचे नव्हते. ताम्हिणीत पावसाळी संध्याकाळी धुकं उतरलं की पिवळ्या लाइटची किंमत कळते. पण ते ज्या कुठल्या ॲक्सेसरीच्या दुकानात बसवले होते, त्या भल्या माणसाने मूळ वायरिंग सोलून थेट जोड दिला होता. रिले (लाइटचा जास्तीचा करंट वेगळा वाहून नेणारा स्विच) नाही, वेगळा फ्यूज नाही, वर चिकटपट्टी. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी शिरलं, फ्यूज उडाला आणि गाडी डेंगळे पुलाजवळ गप्प. मग दोन लाइट कायमचे काढले आणि उरलेल्या दोघांना रिले, स्वतंत्र फ्यूज आणि थेट बॅटरीवरून वायर दिली. तेव्हापासून तक्रार नाही. सेकंडहँड गाडीला जास्तीचे लाइट दिसले की सीट उघडून आधी वायरिंग बघा, सौदा नंतर करा.

राइझरही गेला. माझी उंची पाच फूट सहा इंच, मला त्याची गरजच नव्हती, आणि हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की क्लचची वायर ताणली जायची. उंच माणसाला उभं राहून चालवताना राइझरचा उपयोग होतो, नाही असं नाही. फक्त बसवल्यावर गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना फिरवून बघायचं. इंजिनाचा आवाज वाढला की समजायचं, ॲक्सिलरेटरची वायर ताण खातेय.

काय ठेवलं? इंजिनाचा गार्ड, आणि आतून ॲल्युमिनियमची पट्टी असलेले हँड गार्ड. ब्रेकचा किंवा क्लचचा लिव्हर तुटला तर सह्याद्रीच्या एखाद्या वाडीत तो मिळत नाही, एवढं कारण पुरेसं आहे.

आता खर्च जिथे खरोखर वसूल झाला त्याबद्दल.

टायर. निम्मी माती, निम्मं डांबर अशा मधल्या जातीचे घेतले, पूर्ण गाठींचे नाहीत. गाठीवाले टायर ओल्या डांबरावर वळणात नाचतात आणि आपली निम्मी जिंदगी ओल्या डांबरावरच जाते. मागच्याचा रबर भराभर झिजतो, पुढचा त्यामानाने बराच टिकतो, त्यामुळे जोडी एकदम बदलायचा हट्ट धरू नका. आणि ट्यूब जाड घ्या. ४११ ला स्पोकची चाकं, म्हणजे ट्यूबवाले टायर. मातीत उतरताना हवा कमी करायची सवय चांगली, पण ट्यूब असताना फार कमी करता येत नाही. दगडावर आपटलं की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चेमटते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. त्या ठिगळानेही नीट बसत नाहीत.

पंक्चर स्वतः काढता येणं हे मी या गाडीचं सगळ्यात मोठं अपग्रेड मानतो. राजापूरकडे सड्यावर कातळशिल्पं बघायला गेलो होतो. एप्रिलची दुपार, जांभ्याच्या कातळावर सावलीचं नाव नाही, आणि मागचं चाक बसलं. या गाडीला डबल स्टँड कंपनीकडूनच येतो, तो अशा वेळी देवासारखा. चाक काढलं, व्हॉल्व्हची पिन काढून उरलीसुरली हवा सोडली, कड रिमवरून सुटेना म्हणून टायरवर उभा राहून टाचेने फेर धरला. खरी मेख पुढे आहे. लोक टायर लिव्हरवर जोर लावतात आणि नवी ट्यूब तिथेच फाडतात. जोर लागतच नाही. रिमच्या मधोमध खोलगट पन्हळ असते. समोरची कड गुडघ्याने त्या पन्हळीत दाबून धरली की अलीकडे तेवढी ढील मिळते आणि लिव्हर हाताच्या बळाने फिरतो. ढील मिळत नसेल तर जोर वाढवू नका, गुडघा कुठे सरकला ते बघा. कडेला लावायला साबणाचं पाणी असलं तर उत्तम, नसलं तर साधं पाणी. ट्यूबमध्ये आधी थोडीशी हवा भरून मग आत घालायची, म्हणजे ती दुमडत नाही आणि लिव्हरखाली येत नाही. सोबत मी २१ इंची एकच ट्यूब ठेवतो. पुढची ट्यूब मागच्या १७ इंची चाकात घडी पडून का होईना घरी पोचवते. उलटं जमत नाही.

दुसरा खर्च कोनसेटचा. हँडलच्या नळीतलं हे बेअरिंग खड्ड्यांचा सगळा मार खातं. डबल स्टँडवर लावून कुणाला तरी मागे दाबायला सांगा, पुढचं चाक उचललं जाईल. मग हँडल बोटांनी हळूच फिरवा. मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर कोनसेट संपला. रस्त्यावर तो असा जाणवतो की सरळ जाताना गाडी स्वतःच्या मर्जीने किंचित डावी-उजवी करते आणि आपण टायरला शिव्या घालतो. मी टेपर रोलरचा टाकून घेतला. गोळीचा भार एका ठिपक्यावर येतो, रोलरचा रेषेवर पसरतो, म्हणून खाच पडायला वेळ लागतो. आमच्या मेकॅनिकने त्याच खेपेला मागच्या मोनोशॉकच्या (एकट्या शॉक ॲब्सॉर्बरच्या) लिंकेजचे, म्हणजे त्याला चाकाच्या बाजूला जोडणाऱ्या सांध्यांचे, बुश उघडून ग्रीस भरलं. आतलं ग्रीस वाळून खपली झालं होतं. ही लिंकेज चाकाच्या समोर, सगळा चिखल अंगावर घेत बसलेली असते आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये तिला सहसा कुणी हात लावत नाही. दर पावसाळ्यानंतर आठवणीने सांगून करून घ्या.

मडगार्डची गोष्ट मराठवाड्यात समजते. ४११ ला वर चोचीसारखं एक आणि खाली टायरला लागून दुसरं, अशी दोन मडगार्ड. डांबरावर खालचं छान, पाणी उडत नाही. पण नळदुर्गच्या बाजूला अवकाळी पावसानंतर एका पाणंदीत शिरलो आणि काळ्या मातीने टायर आणि मडगार्डमधली फट थापून भरली. चाक फिरेना. गिअरमध्ये गाडी मागून ढकलतेय आणि पुढचं चाक नांगरासारखं घासत चाललंय. शेजारच्या शेतातले एक काका तुरीच्या वाळक्या काटक्या घेऊन आले, “साहेब, या मातीत आमचा बैल थांबतो, तुमची गाडी काय जाती,” म्हणाले आणि मला कोरायला बसवलं. नंतर मडगार्ड वर उचलणारा छोटा ब्रॅकेटचा संच लावला. कोकणातल्या लाल मातीत याची गरज नाही, ती झडून जाते. काळ्या मातीच्या जिल्ह्यात राहत असाल तर मात्र टायरच्या खालोखाल हेच करा.

बाकी देखभाल कंटाळवाणी आहे आणि तशीच असावी. तेल १५डब्ल्यू-५०. हवा आणि तेलावर थंड होणारं इंजिन आहे, म्हणून उन्हाळ्यात घाट चढून आल्यावर गाडी सरळ उभी करून काचेतून पातळी बघायची सवय ठेवली. टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट) इंजिन पूर्ण थंड असतानाच सेट करायचे. सकाळी गाडी चालवत नेऊन ‘तासाभरात द्या’ म्हटलं की मेकॅनिक गरम इंजिनावरच करतो, म्हणून आदल्या रात्री गाडी ठेवून या. एअर फिल्टर धुळीच्या दिवसांत लवकर बघावा लागतो.

चेन हा घराघरातला वादाचा विषय. माझी रीत अशी: रॉकेलने मऊ ब्रशने साफ, पेट्रोल कधीच नाही कारण रबरी रिंगा कडक होतात, मग फडक्याने कोरडी आणि ९० नंबरचं गिअर ऑइल थेंब थेंब, आतल्या बाजूने. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना लावायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. स्प्रे सोपा पडतो, पण पावसात दोन्ही धुऊनच जातं, मग स्वस्त का नको? समुद्राची बाब वेगळी. दिघी, दाभोळ, जयगड इथल्या फेरीबोटींतून गाडी नेली की खारं पाणी आणि वारा स्पोकच्या निपल्सपर्यंत पोचतो. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायची. प्रेशरचा पाइप मात्र चाकांच्या बेअरिंगवर आणि कोनसेटवर रोखू देऊ नका, वॉशिंगवाली पोरं नेमकं तिथेच धरतात. स्पोक दर काही आठवड्यांनी स्क्रू ड्रायव्हरने वाजवून बघतो. सगळे एका सुरात वाजायला हवेत. ज्याचा आवाज बसका तो सैल, आणि सैल स्पोकने सुरुवात झाली की रिम आउट, म्हणजे वाकडी होते.

चालवायला कशी? ज्यांना वेग हवा त्यांनी घेऊ नये, हे स्पष्टच सांगतो. ऐंशी-नव्वदला ती मजेत दिवसभर जाते, त्यापुढे ओव्हरटेकसाठी विचार करावा लागतो. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी; मग महाराष्ट्रात ताशी १४० च्या गप्पा नक्की कुठल्या रस्त्यासाठी मारायच्या? जुन्या हायवेवर आणि घाटात हिचे ३२ न्यूटन-मीटर कामाला येतात, तेही चार-साडेचार हजार आरपीएमलाच. आंबोलीच्या वळणांत तिसरा गिअर टाकून विसरून जा. २१ इंची चाक खड्ड्यात पडत नाही, त्यावरून चालून जातं, आणि भोर ते वरंध या रस्त्याची पावसानंतरची अवस्था ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. पुढचा ब्रेक मातीसाठी ठीक, डांबरावर जरा जास्त दाबावा लागतो. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) ब्रेक पॅड टाकल्यावर पकड सुधारली. बीएस६ ला मागच्या चाकाचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बटणाने बंद होतं, सुट्या खडीच्या उताराला ते बंद करूनच उतरावं, नाहीतर मागचा ब्रेक दाबूनही गाडी घरंगळत राहते. हमरस्त्याला लागल्यावर पुन्हा चालू करा.

त्यापेक्षा हीरोची एक्सपल्स २०० घ्यावी का, असं बरेचजण विचारतात. एकट्याने, मातीत जास्त फिरणार असाल तर होय, ती जवळजवळ चाळीस किलोने हलकी आहे आणि आडवी झाली तर एकट्याला उचलता येते. मागे बायको आणि सामान घेऊन पुणे-मालवण करणार असाल तर ४११. नवी ४५० चाळीस पीएसची, सहा गिअरची, पाण्याने थंड होणारी, वजनाने उलट थोडी कमीच. गाडी म्हणून दोन पायऱ्या पुढे आहे, खिशाचं तुम्ही बघा. ४११ च्या बाजूने एकच गोष्ट: तालुक्याच्या गावचा मेकॅनिक ती लॅपटॉपशिवाय बऱ्यापैकी उघडून बसवू शकतो.

सायलेन्सर बदलायच्या फंदात पडू नका. आरसी बुकातल्या नोंदीशी न जुळणारा फेरफार मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाही, पोलीस दंड करतात ते वेगळंच, आणि क्लेमच्या वेळी विमा कंपनीला आयतं निमित्त मिळतं. शिवाय गडाच्या पायथ्याला पहाटे पाच वाजता ढणढणाट करत पोचणाऱ्याला गावातलं कुणी चहा विचारत नाही.

घ्यायला जाल तेव्हा गाडी थंड असताना पोचा, मालकाला आधीच ‘चालू करून ठेवू नका’ म्हणून सांगा. सकाळच्या पहिल्या स्टार्टला टॅपेटचा आवाज, धूर, सगळं कळतं. पुढचे फोर्क बोटाने पुसा, तेलाचा ओलेपणा लागला तर ऑइल सीलचे पैसे किमतीतून वळते करा. मागचं स्प्रॉकेट बघा, दात एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील तर चेनसकट पूर्ण किटचा खर्च धरा. बॅश प्लेट, म्हणजे इंजिनाखालचा संरक्षक पत्रा, खाली वाकून बघा, ओरखडे असणारच, पण इंजिनाच्या तळाला चीर किंवा वेल्डिंग दिसलं तर नमस्कार करून निघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका, मालकी बदलाच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सही तुमच्यासमोर घ्या, आणि दुसरी किल्ली मागून घ्या.