जुन्या बँकेतली गायनशाळा: पावसाळा ते संक्रांत

बेळगावात शहापूरच्या बाजूला एका जुन्या बँकेच्या इमारतीत आता गायनशाळा भरते. ऐन पावसात मी तिथे नाव घातलं. संक्रांत उलटली, आता लिहायला हरकत नाही.

मधलं दालन उंच छताचं, खाली शहाबादी फरशी. तानपुरा लागला की अंग शहारतं. खर्जातला सा भिंतींवरून परत येतो आणि विलंबित, म्हणजे संथ लयीच्या ख्यालाला मोठा आधार मिळतो. द्रुत, म्हणजे जलद लयीचं गाणं मात्र तिथे नकोच. पहिला नाद विरायच्या आत दुसरा येऊन आदळतो. ताना पुसट होतात, तबल्याचं तिरकिट कळेनासं होतं. दिवाळीनंतर जाड पडदे आणि जास्तीच्या सतरंज्या आल्या. फरक पडला, पण पुरता नाही.

खरी दौलत तिजोरीच्या खोलीत आहे. हातभर जाड भिंती, त्यामुळे बाजारातले हॉर्न आत येत नाहीत. गाद्या आणि गवसणीतली वाद्यं उरलासुरला घुमारा शोषून घेतात. स्वर कणभर उतरला तरी लगेच कळतो. माझा कोमल ऋषभ, म्हणजे उतरता रे, सुधारला तो इथेच. लोखंडी दार उघडं जखडून ठेवलंय, हे फार चांगलं केलं. लहान मुलं असतात.

पण खिडकी नाही. आपल्याकडचा पाऊस ठाऊकच आहे: ओल धरली की तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते, आणि ती ताणायला निम्मा तास हातोडीनं बाजूचे लाकडी गट्टे ठोकण्यात जातो. हवा खेचणारा पंखा बसवायलाच हवा.

तानपुरे मिरजेचे. गुरुजी तारेखालचं सूत नखानं केसभर सरकवतात आणि मिटलेली जवारी, म्हणजे तारेची झणकार, एकदम खुलते. ते एकदा जवळ बसून पाहाच. शिकवणं निम्मं मराठीत, निम्मं कानडीत. कुणाचं अडत नाही.

कुमार गंधर्व १९२४ साली जन्मले ते इथल्याच सुळेभावीत. शहरातलं रंगमंदिर त्यांच्या नावाचं. अशा गावात बंद बँकेचं गोदाम किंवा मॉल न होता तिथे सूर लागतात, याचा मला मनापासून आनंद आहे.

नवीन येणाऱ्यांनी तिजोरीच्या खोलीतली सकाळची वेळ मागून घ्यावी. तबला शिकणाऱ्यांनी तर हट्टानं. पायऱ्या उंच आहेत आणि कठडा एकाच बाजूला आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी येऊन बघून जावं.