राहता फ्लॅट मुलांना द्यायचाय : बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

पुण्यातल्या कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडीच्या जुन्या सोसायट्यांत कितीतरी घरी आता सत्तरीतले आई-बाबा दोघंच असतात. तिथे हमखास निघणारा विषय म्हणजे, ‘फ्लॅट आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकू का? दोनशे रुपयांत होतं म्हणे.’

दोनशेची गोष्ट खरी आहे. महाराष्ट्रात निवासी मालमत्ता किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. महापालिका हद्दीतला अधिभार लागतो का, ते दुय्यम निबंधकांकडे आधी विचारा. पण स्वस्त पडतंय म्हणून सही करू नका. बक्षीसपत्र नोंदवलं की घर तुमचं राहत नाही. उद्या आजारपणासाठी विकायची वेळ आली तर सही मुलाची लागेल, आणि मन बदललं म्हणून दिलेलं परत घेता येत नाही.

मृत्युपत्रात शेवटपर्यंत मालक तुम्हीच. हवं तेव्हा बदला, फाडा, नवं करा. स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत. हिंदू कुटुंबाचं मृत्युपत्र पुण्यात केलेलं आणि मालमत्ताही पुण्यातच असेल, तर प्रोबेटची, म्हणजे न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेण्याची, सक्ती नाही. कमकुवत बाजू एकच: तुमच्या माघारी भांडण. ‘बाबांना तेव्हा काही कळत नव्हतं’ हा आक्षेप ठरलेला. म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडून त्याच दिवशीचा दाखला घ्या आणि ऐच्छिक असली तरी नोंदणी करा. आणखी एक, वडिलोपार्जित मालमत्तेत फक्त स्वतःचा हिस्साच देता येतो.

तरीही बक्षीसपत्रच करायचं असेल, तर त्यात दोन गोष्टी लिहून घ्याच. एक, दोघांनाही तहहयात त्याच घरात राहण्याचा हक्क. दुसरी, घेणाऱ्याने तुमच्या मूलभूत गरजा आणि देखभाल सांभाळण्याची अट. 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23नुसार अशी अट मोडली तर न्यायाधिकरण बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं. अट होती हे दाखवता आलं नाही तर या कलमाचा आधार मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं. 2025च्या निकालात न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. पण म्हातारपणी निकालांच्या भरवशावर का राहायचं? मसुद्यात ‘प्रेमापोटी देत आहे’ एवढंच असेल तर वकिलांना तिथेच थांबवा.

माझं मत स्पष्ट आहे. डोक्यावर एकच छप्पर असेल तर मृत्युपत्र. दुसरा फ्लॅट असेल, त्याच्या भाड्यावर तुमचं घर चालत नसेल आणि मुलांत एकमत असेल, तर तो खुशाल बक्षीस द्या.

सोसायटीत नॉमिनेशन केलंय म्हणून मृत्युपत्राची गरज नाही, असं अनेकांना वाटतं. नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. मुलगा नॉमिनी आणि मृत्युपत्रात मुलगी असेल, तर दोघांनाही आजच समोर बसवून ते सांगा.