घरच्या अंगणातला थंड पाण्याचा टब: हिवाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

गार पाण्यात बसायला हिवाळ्याच्या तोंडावर घेतलेला फुगवायचा टब आता ऐन उन्हाळ्यापर्यंत वापरून झालाय. घ्यावा का, असं बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहिते. आधी निकाल सांगून टाकते: टब बरा आहे, बर्फ महाग आहे, आणि ज्यासाठी हा खटाटोप करायचा ते, म्हणजे गार पाण्याचा झटका सोसणं, पहिल्या काही आठवड्यांतच पदरात पडतं. पुढचे महिने ते फक्त टिकवायचं असतं.

टब उभा, गोल. गुडघे पोटाशी घेऊन बसलं की पाणी गळ्यापर्यंत येतं, त्याला 250 लिटर पुरतं. बाजारातले बहुतेक टब एकाच साच्यातले दिसतात, त्यामुळे कंपनीला फार महत्त्व नाही. माझ्या टबाच्या वरच्या कड्यातून मध्येच हवा जायला लागली. सायकलच्या पंक्चरचं ठिगळ लावल्यावर आजतागायत टिकलाय. झाकण असलेलाच घ्या. पाणी गार राहतं हा एक भाग, पण साठलेलं उघडं पाणी म्हणजे डेंगीच्या डासांची सोय. आणि गॅलरीत ठेवू नका. पाणी आणि आत बसलेलं माणूस मिळून 300 किलोच्या पुढे जातं. माझा खाली अंगणात, फरशीवर आहे.

सासूबाईंचं म्हणणं होतं की गार पाण्यात बसायला पैसे कशाला, माघात रामकुंडावर जा. बोलणं अगदीच चुकीचं नाही. नाशिकच्या थंडीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे 17 अंशांपर्यंत उतरतं आणि सुरुवातीला तेवढं भरपूर होतं. (विहिरीवर जाऊन उपयोग नाही, ते पाणी थंडीत कोमट लागतं.) तिथून 12 अंशांवर आणायला 250 लिटरला हिशेबाने 14 किलो बर्फ लागतो. मार्चमध्ये तेच पाणी 24 अंशांवर असतं, तेव्हा 33 किलो. बाहेरची हवा आणि आपलं अंग मिळून आणखी थोडा खातात. घरच्या फ्रीजमधल्या ट्रेनी यातलं काही होत नाही, लादीच आणावी लागते. मासळी टिकवायला वापरतात तो खायचा नसलेला बर्फ स्वस्त मिळतो, पण महाराष्ट्रात 2018 पासून त्यात ओळखीसाठी निळा रंग घालायचा नियम आहे आणि तो खाण्याच्या दर्जाच्या पाण्याचा असेलच असं नाही. तोंड बुडणार असेल तर मी तो वापरणार नाही.

आता मुख्य गोष्ट. गार पाण्यात उतरल्यावर पहिल्यांदा थंडी वाजत नाही, श्वास अडकतो. आपोआप एक मोठा हुंदका आत घेतला जातो, मग धाप लागते, छाती धडधडते. पहिल्या अर्ध्या मिनिटात हे शिगेला पोचतं आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतं. नदी-समुद्रात अचानक पडलेली माणसं बुडतात ती पुष्कळदा याच मिनिटात. शरीर गारठायला बराच जास्त वेळ लागतो. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन यांनी यावर आयुष्यभर काम केलं आहे. दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुड्यांनी हा झटका जवळपास निम्मा होतो आणि ही सवय काही प्रमाणात पुढे कित्येक महिने राहते, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. माझा अनुभव तंतोतंत तसाच. पहिल्या आठवड्यात तोंडातून शब्द फुटत नव्हता. नंतर आत बसताबसता अंगणातल्या माणसाला चहा टाकायला सांगता येऊ लागलं. माझी कसोटी तीच आहे: एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं की झटका संपला.

मनाचं काय? इथे भारी भारी शब्द वापरायची पद्धत पडली आहे, मला ती पटत नाही. उतरताना लांब श्वास सोडायचा, खांदे सैल ठेवायचे आणि एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणायचा, एवढंच माझं तंत्र. मोठ्याने म्हटलं की श्वास सोडावाच लागतो, आणि एकोणतीस सत्ते किती हे आठवण्यात पळून जायची इच्छा मागे पडते. टिप्टन यांच्या गटाने मनाच्या तयारीचंही वेगळं प्रशिक्षण देऊन पाहिलं होतं. त्यानंतर लोकांना गार पाण्यात श्वास जास्त वेळ रोखता आला. म्हणजे मनाचा भाग खरा आहे. पण टबात बसून माझा ऑफिसातला राग कमी झालेला नाही. बाहेर आल्यावर तासभर तरतरी असते, ती मात्र रोज असते.

जे बदलत नाही तेही सांगते. महिन्यांनंतर हुडहुडी उशिरा भरते, त्यामुळे आपण गारठ्याला पुरून उरलो असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात सवयीने कुडकुडणं कमी होतं, आतलं तापमान मात्र तसंच उतरत राहतं. थंडी कमी वाजणं धोक्याचंही असू शकतं. शरीर खरोखर बदललेलं दिसलं ते कोरियातल्या पाणबुड्या बायांमध्ये, हेन्यो म्हणतात त्यांना. साध्या सुती कपड्यांत हिवाळ्याच्या समुद्रात रोज काम करून त्यांच्या शरीरातली उष्णतानिर्मिती वाढलेली होती. 1970 च्या दशकात वेटसूट (अंग उबदार ठेवणारे रबरी पोशाख) आले आणि काही वर्षांत ते वेगळेपण नाहीसं झालं. आपल्या तीन मिनिटांची तिथे काय पत्रास! म्हणून मी घड्याळ लावून तीन मिनिटांना उठते, पाचाची हौस नाही. इंग्लिश खाडी पोहायची असेल तर पात्रतेसाठीच 16 अंश किंवा त्याहून गार पाण्यात सहा तास पोहून दाखवावं लागतं, तेही वेटसूटशिवाय. पुण्याच्या रोहन मोरे यांनी 2018 मध्ये जगातल्या सात अवघड खाड्या पोहून पूर्ण केल्या; त्यातल्या आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या नॉर्थ चॅनलचं पाणी तर त्याहूनही गार. त्या तयारीला टब म्हणजे बालवाडी.

व्यायामशाळेत जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. वजनं उचलल्यावर लगेच गार पाण्यात बसत राहिलं तर स्नायू आणि ताकद कमी वाढते, असं ऑस्ट्रेलियातल्या 2015 च्या अभ्यासात आढळलं. मी धावते, आणि लांब पळाल्यावर पोटऱ्यांना बरं वाटतं. ज्या दिवशी वजनं, त्या दिवशी टब नाही.

रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा थंडीत बोटं पांढरी पडत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या फंदात पडू नका. एकट्याने बसू नका. पाण्यात किंवा उतरण्याआधी जोरजोरात श्वास घेण्याचे प्रकार अजिबात नकोत, त्यात शुद्ध हरपते. बाहेर आल्यावरही काही मिनिटं आतलं तापमान खाली जातच राहतं, म्हणून लगेच कढत पाण्याच्या शॉवरखाली उभं राहायचं नाही. अंग पुसून कोरडे कपडे, टोपी, चालणं, मग आल्याचा चहा.

सध्या इथे पारा 38 च्या वर आहे आणि एका वेळच्या बर्फाचे पैसे पाहता टब धुऊन, वाळवून माळ्यावर टाकलाय. पाणी गार करणारं यंत्र जोडायचा सल्ला मिळतो. त्याची किंमत टबाच्या कित्येक पट आहे, मी घेणार नाही. नोव्हेंबरात टाकीचं पाणी उतरलं की पुन्हा सुरू. घेणार असाल तर तुम्हीही तेव्हाच घ्या, आणि त्याआधी आठवडाभर नळाच्या पाण्याने बादलीतून अंघोळ करून बघा. तेवढ्यावर भागलं तर टब लागणारही नाही.