होकुसाईची लाट, भिंगाखालून

माझी लेक टोकियोत निशी-कासाईला राहते. तिथून तिने होकुसाई या जपानी चित्रकाराचं ते प्रसिद्ध लाटेचं चित्र पाठवलं. पोस्टर नव्हे, मेजिरोच्या अदाची संस्थेत लाकडी ठशांवरून हाताने छापलेली प्रत. १९२८ पासून ही मंडळी हेच काम करताहेत. बाबा हरखून जातील असं तिला वाटलं होतं. बाबांनी आधी भिंग काढलं. सगळी नोकरी ऑफसेट छपाईच्या मशिनवर झालेला माणूस दुसरं काय करणार?

भिंगाखाली डॉट नाही! आपल्याकडे चार रंगांचे ठिपके डोळ्याला फसवून निळा दाखवतात. इथे निळा म्हणजे निळाच. फिका, मध्यम, गडद, एकेक वेगळा छापलेला. ऑफसेटची शाई कागदावर बसते. इथे पाण्यातला रंग कागदाच्या तंतूंत घासून मुरवलेला आहे, बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या गोल चकतीने. प्रत उलटी करा, मागून निळा झिरपलेला दिसेल. कागद जपानातल्या एचिझेनचा, इवानो इचिबेई यांच्या कागद बनवणाऱ्या घराण्यातला. जाड तरी मऊ. माझ्या मशिनवर असला कागद कुणी आणला असता तर मी त्याला दारातूनच परत पाठवला असता.

मला खरा धक्का दिला तो रजिस्टरने, म्हणजे सगळे रंग एकमेकांशी नेमके जुळण्याने. कागद ओलसर करून छापतात. ओला कागद फुगतो, एवढं कुठलाही प्रिंटर सांगेल. तरी फेसाच्या नख्यांभोवती एक केसभर पांढरं सुटलेलं नाही. प्रत्येक ठशातच एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि बाजूला एक सरळ खाच कोरलेली असते, कागद तिथे टेकवायचा. म्हणजे आमच्या मशिनवर कागद टेकवायचे फ्रंट-ले आणि साइड-लेच की! फक्त मशीन नाही, दोन हात.

मूळ चित्र १८३१ च्या सुमाराचं. फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांच्या मालिकेतलं, जी पुढे शेचाळीसवर गेली. पहिल्या छत्तीसांच्या बाह्यरेषाही निळ्या, नंतरच्या दहांच्या काळ्या. बर्लिनमध्ये शोध लागलेला प्रशियन निळा तेव्हा जपानात नुकताच परवडू लागला होता, आणि हातात आलेला नवा रंग माणूस वापरणारच. जुन्या प्रतींवर मात्र हजारो छाप्यांनी ठसे झिजल्याच्या खुणा आहेत. उशिरा छापलेल्या प्रतींत शीर्षकाच्या चौकटीची रेष तुटलेली दिसते. अदाचीचे ठसे नव्याने, रानचेरीच्या लाकडात कोरलेले, त्यामुळे रेष शाबूत. कुणाला हे फार कोरं करकरीत वाटेल. पण तेव्हाच्या गिऱ्हाईकाने दुकानातून नेलेलं चित्रही असंच करकरीत असणार, जुनाट नव्हे.

होड्यांकडे जरूर बघा. तीन आहेत, ताजी मासळी एडोला, म्हणजे आजच्या टोकियोला, पोचवणाऱ्या वेगवान होड्या. स्वस्त पोस्टरांत त्यातली माणसं डागांसारखी दिसतात. इथे वाकलेली डोकी वेगवेगळी मोजता येतात.

आता तक्रारी. सोबतच्या इंग्रजी माहितीपत्रकात छपाईबद्दल मला आणखी वाचायला हवं होतं. आकार सुमारे २६ बाय ३८ सेंटिमीटर, म्हणजे दिवाणखान्याची भिंत भरेल या आशेने घेणाऱ्याचा विरस होईल. किंमत फ्रेमशिवायही दहा हजार येनांच्या वर. सोफ्यावरून बघितलं तर हे आणि चांगलं पोस्टर यांत फरक कळणार नाही, मलाही कळत नाही. जवळ जाऊन बघायची सवय असेल तरच पैसे घाला. नसेल तर २०२४ ची हजार येनांची नोट मागवा, मागच्या बाजूला हीच लाट आहे.

घेणार असाल तर फ्रेमशिवाय घ्या. फ्रेमवाल्याला दोन गोष्टी बजावा: काच कागदाला टेकता कामा नये, आणि काठ कापायचे नाहीत. समोरच्या खिडकीतून ऊन येत असेल तर दुसरी भिंत शोधा.