लॅपटॉप गरम होतो म्हणून कूलिंग पॅड घेताय? आधी माझं ऐका

मानवतला घराच्या पुढच्या खोलीत मी मराठी टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं काम करते. खोलीवर पत्रे आहेत. मे महिन्यात आमच्या परभणी जिल्ह्यात पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याखाली तर दुपारी बसवत नाही. पण उत्पन्नाचे दाखले, ॲडमिशनचे फॉर्म, सगळी गर्दी नेमकी त्याच दिवसांत असते. या मे महिन्यात माझा चार वर्षांचा लॅपटॉप दुपारी बारानंतर आपोआप बंद पडायला लागला. एका पोराचा फॉर्म तीनदा अर्ध्यात गेला. त्याचे वडील रानातलं काम टाकून आले होते. त्यांना परत पाठवताना मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन परभणीला गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. दुकानदाराने लॅपटॉपच्या खालच्या बाजूला हात लावला आणि म्हणाला, "ताई, प्रोसेसर जळायच्या बेतात आहे. आतली पेस्ट वाळलीय. सर्व्हिस करावी लागंल, आणि हा पॅड घ्या, नाहीतर महिनाभरात मदरबोर्ड जाईल." प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपची मुख्य चिप, पेस्ट म्हणजे तिची उष्णता पुढे नेणारा लेप आणि मदरबोर्ड म्हणजे ती चिप जिच्यावर बसते ती मुख्य पाटी. मदरबोर्ड म्हणल्यावर माझ्या पोटात गोळा आला. सर्व्हिस आणि पेस्टचे १,२०० आणि कूलिंग पॅडचे, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायच्या सहा पंख्यांच्या फळीचे, १,८५० असे ३,०५० रुपये मी यूपीआयने दिले. बिल मागितलं तर त्याने साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. मी ती घेतली, ही माझी चूक. दोन दिवसांनी लॅपटॉप परत मिळाला. निळे दिवे लागलेल्या पॅडवर ठेवला तेव्हा वाटलं, आता काळजी मिटली.

चौथ्या दिवशी दुपारी पुन्हा बंद.

माझा भाचा पॉलिटेक्निकला आहे. तो सुट्टीला आला होता. त्याने आधी तापमान दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. पॅडशिवाय ९७ अंश, पॅड लावून अर्ध्या तासाने ९५. बहुतेक प्रोसेसर शंभराच्या आसपास गेले की स्वतःला वाचवायला आधी हळू होतात आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद होतं. म्हणजे माझा लॅपटॉप जळत नव्हता, स्वतःला सांभाळत होता.

मग त्याने लॅपटॉप उलटा केला आणि म्हणाला, "मावशी, हा उघडलाच नाही." माझ्या लॅपटॉपला खाली रबराची एक लांब पट्टी आहे. त्या पट्टीखाली दोन स्क्रू लपलेले आहेत. ते काढल्याशिवाय झाकण निघत नाही. पट्टीचा कंपनीतला गोंद जसाच्या तसा होता. नखाने उचलायला गेलो तर गोंदाची चिवट तार सुटली. एकदा काढून परत चिकटवलेली पट्टी अशी बसत नाही, कडेला उचललेली राहते. आम्ही मोबाईलवर त्याचे फोटो काढले आणि मगच ती सोडवली.

आत जे दिसलं ते मी विसरणार नाही. प्रोसेसरवर पेस्टचा पातळ थर, त्यावर तांब्याची चपटी नळी, नळीच्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी आणि जाळीला लागून पंखा. उष्णता याच वाटेने बाहेर पडते. त्या पंख्याच्या आणि जाळीच्या मध्ये करड्या रंगाची एक घट्ट गादी बसली होती, वाकळीच्या आतल्या जुन्या कापसासारखी. चिमट्याने धरली तर अख्खी पट्टी निघाली. आमच्या गल्लीच्या टोकाला जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आहे. हंगामात रुईचे बारीक तंतू घरोघरी उडतात, सकाळी झाडलेल्या ओट्यावर संध्याकाळी पांढरं दिसतं. चार वर्षं पंखा तेच ओढत होता. पेस्ट मात्र खरंच वाळून खडूसारखी झाली होती, म्हणजे दुकानदाराने रोग बरोबर सांगितला, पैसेही घेतले आणि औषध दिलंच नाही.

भाच्याने ब्रशने जाळी साफ केली, पंख्याची पाती बोटाने धरून हवा मारली, जुनी पेस्ट पुसून नवी लावली. पेस्टची छोटी ट्यूब दोनशे रुपयांत आली. त्याच खोलीत, त्याच दुपारी, पॅडशिवाय तापमान ७६ अंश.

आता पॅडचं. जाळीतून काढलेल्या त्या कापसाचा एक पुंजका मी एकेका पंख्यावर धरला. दोन पंख्यांवर तो हलला. चार पंख्यांवर तसाच पडून राहिला. पॅडची वरची जाळी काढून बघितलं तर त्या चार ठिकाणी पाती खालच्या प्लास्टिकमध्येच ओतलेली, त्यामागे फक्त निळा दिवा. दिवा झगमगतो म्हणून पंखा फिरतोय असं वाटतं.

खरा पॅड तरी कामाचा आहे का? माझं मत सांगते. लॅपटॉप आतून साफ असेल आणि त्याची हवा ओढायची भोकं खालच्या बाजूला असतील तर चांगल्या पॅडने काही अंशांचा फरक पडतो. भोकं बाजूला किंवा कीबोर्डजवळ असतील तर खालून मारलेली हवा नुसती प्लास्टिकवर आपटते. लॅपटॉपच्या आतली जाळी तुंबली असेल तर फारसं काही होत नाही. शिवाय पॅड खोलीतलीच हवा मारतो. खोलीत ४० अंश असेल तर तो ४० अंशांचीच हवा मारणार. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट वीज मिळते. तेवढ्यात सहा मोठे पंखे जोरात फिरणं अवघड आहे.

बराचसा फायदा लॅपटॉप मागून उचलल्यानेच मिळतो. मागच्या दोन पायांखाली दोन काडेपेट्या ठेवल्या तरी हवेला वाट होते. गादीवर, वाकळीवर, उशीवर मात्र कधीच ठेवू नका, भोकं बुजतात. मांडीवर घ्यायचाच असेल तर मध्ये जेवायचा लाकडी पाट घ्या. लेकरांच्या बाबतीत तर नक्कीच. २०१० मध्ये 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात १२ वर्षांच्या एका मुलाची हकिकत आली होती. रोज काही तास मांडीवर लॅपटॉप घेऊन खेळल्याने त्याच्या मांडीच्या कातडीवर जाळीदार डाग पडले होते.

दुकानात सर्व्हिसला द्याल तर समोर उघडायला सांगा. नाही म्हणाला तर उठून या. उघडण्याआधी खालच्या बाजूचे फोटो काढून ठेवा. पॅड घेताना प्रत्येक पंख्यावर कागदाची बारीक पट्टी धरून बघा. आणि पक्कं बिल घ्याच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे.

मी पॅड घेऊन दुकानात गेले तेव्हा "वापरलेला माल परत होत नाही" एवढंच उत्तर मिळालं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. यूपीआयची पावती, चिठ्ठी, रबरी पट्टीचे फोटो, सगळं दिलं. तिथे नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

परवा दुकानदाराचा फोन आला. "ताई, पॅडचे पैसे देतो, तक्रार मागं घ्या." मी विचारलं, "आणि न उघडलेल्या लॅपटॉपच्या सर्व्हिसचे बाराशे?" तो म्हणाला, विचार करून सांगतो. अजून त्याचा फोन आलेला नाही. तक्रारही मी मागे घेतलेली नाही.